डबा हलतो, हे धरून

ग्वाल्हेरच्या जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावरून एक चांदीची आगगाडी धावायची. निदान फोटोत तरी ती बहुतेकांनी पाहिलेली असते. लांबलचक टेबलावर रूळ, पुढे छोटं इंजिन, मागे डबे, त्यांत मद्याच्या सुरया आणि सिगार. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबायची, जागेवर ठेवली की पुढच्या पाहुण्याकडे निघायची. ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांचं रेल्वेचं वेड एवढ्यावर भागणारं नव्हतं. संस्थानात त्यांनी दोन फुटी रुळांची खरी गाडीही धावती ठेवली आणि ती अगदी अलीकडे, २०२० पर्यंत चालू होती. मला मात्र त्या टेबलावरच्या गाडीची एकच गोष्ट फार आवडते. या संस्थानिकाने गाडी महालात आणली. बाकी सगळ्यांनी, तेव्हा आणि आताही, महाल गाडीत कोंबायचा खटाटोप केला आहे.

हा खटाटोप मी बऱ्याच वर्षांपासून लांबून बघतोय. लांबूनच, कारण पॅलेस ऑन व्हील्स, गोल्डन चॅरियट, महाराजाज एक्स्प्रेस किंवा आपली डेक्कन ओडिसी, यांतल्या कुठल्याही आलिशान पर्यटक गाडीचं तिकीट माझ्या खिशाला झेपणारं नाही. फोटो, माहितीपत्रकं, संग्रहालयात उभे असलेले जुने सलून, म्हणजे राजेरजवाड्यांचे खासगी डबे, आणि सीएसएमटीवर कधी नशिबाने गाठ पडलीच तर निळ्या डब्याच्या काचेतून दिसेल तेवढं. पण बघायचं कसं, हे शिकवलं माझ्या काकांनी.

काका लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. ठरावीक काळाने डबे पीओएचला, म्हणजे पूर्ण उघडून करायच्या मोठ्या दुरुस्तीला आले, की आतलं लाकूडकाम त्यांच्या टोळीकडे यायचं. खिडक्यांची शटरं, बर्थच्या फळ्या, दारांच्या चौकटी. घरी रंधा-पटाशी हातात धरायचे ते फक्त गणपतीच्या मखरासाठी. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गाडीत बसल्यावर पहिली पाचदहा मिनिटं ते कुणाशी बोलत नाहीत. ऐकत बसतात. गाडीने वेग घेतला की कुठलं बीडिंग वाजतंय, कुठल्या पॅनेलमागे स्क्रू सैल झालाय, कुठल्या दाराची बिजागरी खाल्ली गेलीय, हे त्यांना कळतं, आणि आम्हाला सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "घरातलं कपाट बसून खातं," त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "डब्यातलं कपाट नोकरीला असतं."

त्यांच्याकडूनच मला कळलं, की जुन्या चांगल्या कामात पितळी स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा सगळ्या एका रेषेत उभ्या ठेवत. दिसायला ते छान दिसतंच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे हादऱ्यांनी एखादा स्क्रू फिरला, तर जाता-येता डोळ्याला खुपावा. शोभा आणि तपासणी एकाच खाचेत. डब्याच्या सजावटीविषयी याहून शहाणी कल्पना मी पुढे कुठल्याही चकचकीत माहितीपत्रकात वाचलेली नाही.

काकांना मी एकदा दिल्लीला, चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात घेऊन गेलो. बरीचशी इंजिनं आणि डबे उघड्यावर उभे आहेत. त्यांतच संस्थानिकांचे सलून. खिडकीच्या काचेवर तळहाताचा आडोसा धरून आत डोकवायचं. बडोद्याच्या गायकवाडांचा सलून १८८६ सालचा, बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेच्या परळ वर्कशॉपात बांधलेला. हे कळल्यावर काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्याकडचाच." सव्वाशे वर्षांपूर्वीचं काम, आणि स्वर असा की शेजारच्या पाळीतल्या कुणी कालच हातावेगळं केलंय. मग त्यांनी डब्याला एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून अंडरफ्रेम बघितली, दाराची चौकट बोटांनी चाचपली. आतल्या थाटाबद्दल मात्र चकार शब्द नाही. तो थाट सयाजीरावांच्या नावावर जमा आहे, रंधा मारणाऱ्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत.

म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा सलूनही तिथेच आहे. सागवान, आणि त्यावर सोन्याचं व हस्तिदंताचं काम. लाकडात हस्तिदंत जडवणं ही म्हैसूरची घरची कला, त्यामुळे तो डबा बघताना आपण म्हैसूरच्याच कुठल्या तरी दिवाणखान्यात डोकावतोय असं वाटतं. पण हा माझ्या मते अपवाद. बहुतेक संस्थानिकांना आपल्या सलूनमध्ये आपला प्रदेश नको होता. त्यांना जगात त्या घडीला जे सर्वांत नवं, सर्वांत सुखाचं होतं, ते हवं होतं.

याचं टोक म्हणजे इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर. इंग्लंडमध्ये शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी ओळख झाली, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुथेसियसने त्यांच्यासाठी इंदुरात माणिकबाग उभी केली. काच, धातू, कातडं, सरळ रेषा, आणि फर्निचर त्या काळी युरोपात सगळ्यात पुढे असलेल्या मंडळींच्या हातचं. याच मुथेसियसने महाराजांसाठी रेल्वेच्या डब्याची अंतर्सजावटही केली. मल्हाररावांच्या गादीवरचा माणूस, घरात मराठी, आणि गाडीत बर्लिन. आज एखाद्या पर्यटन महामंडळाने 'होळकर' नावाचा डबा सजवायला घेतला, तर त्यात महेश्वरी साडीचे पडदे असतील, घाटांची चित्रं असतील, अहिल्याबाईंची तसबीर असेल. ते वाईट नाही. पण खऱ्या होळकराने त्यातून प्रवास केला असता का, याची मला शंका आहे.

तर मग गाडीत प्रदेश कधी शिरला? माझ्या हिशेबाने १९८२ मध्ये. त्या वर्षी दोन गाड्या निघाल्या. २६ जानेवारीला राजस्थानात पॅलेस ऑन व्हील्स आणि मे महिन्यात युरोपात जेम्स शेरवूडची व्हेनिस सिंप्लॉन ओरिएंट एक्स्प्रेस. दोन्हींचा आरंभ जुन्या डब्यांतून झाला. शेरवूडने १९७७ साली माँटे कार्लोच्या लिलावात दोन जुने डबे घेतले आणि मग युरोपभर हिंडून बाकीचे गोळा केले. आपल्याकडे संस्थानिकांचे आणि बड्या साहेबांचे मीटरगेज सलून पडून होते, तेच जोडून गाडी केली. इथपर्यंत दोघांची गोष्ट सारखी. पुढे वाटा फुटल्या. युरोपातले डबे दुरुस्त होत राहिले. आपले थकले, त्यांना वातानुकूलन झेपेना. १९९१ मध्ये नवे डबे आले, पुढे १९९५ मध्ये मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं, आणि तेव्हा पुन्हा नवे.

जुना डबा गेला की त्याचं जुनेपण कुठून आणायचं? मग ते सजावटीतून आणावं लागतं. डब्यांना राजपुतान्यातल्या संस्थानांची नावं दिली, आणि प्रत्येक डब्याने आपापल्या संस्थानाचा पोशाख घालायचा, असं ठरलं. खऱ्या सलूनमध्ये जे सिद्ध करायची गरज नव्हती, ते आता प्रत्येक भिंतीवर सिद्ध करावं लागू लागलं. पुढच्या बहुतेक गाड्यांनी हाच कित्ता गिरवला. महाराजाज एक्स्प्रेस २०१० ची. तिने प्रदेशाच्या भानगडीत न पडता डब्यांना मोती, हिरा, पाचू अशी रत्नांची नावं दिली आणि एका सबंध डब्याला नवरत्न म्हटलं. सराफाची पेढीच.

नावांच्या बाबतीत कर्नाटकाचं मला कौतुक वाटतं. २००८ मध्ये आलेल्या गोल्डन चॅरियटच्या डब्यांना त्यांनी राजवंशांची नावं दिली: कदंब, होयसळ, राष्ट्रकूट, चालुक्य, सातवाहन, आणि बहमनी व आदिलशाहीसुद्धा. यात आवडनिवड नाही, त्या भूमीवर राज्य केलेली नाना घराणी एका रांगेत. सातवाहनांचं पैठण आपल्याकडे, म्हणून त्या एका डब्यावर माझाही थोडा हक्क. एका भोजनालयाचं नाव नल. दमयंतीचा नळराजा स्वयंपाकात निष्णात होता, त्यावरून. ज्याला माहीत आहे त्याला गंमत कळते, ज्याला नाही त्याला जेवण मिळतं.

आपली डेक्कन ओडिसी २००४ ची. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि रेल्वे यांची गाडी, एकवीस डबे, बाहेरून गडद निळा रंग. महासाथीत बंद पडली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सीएसएमटीहून पुन्हा निघाली. तिच्या भोजनालयांचं नाव पेशवा, बारचं नाव मुंबई हाय. दुसरं नाव झकास आहे, समुद्रातल्या तेलविहिरींचं आणि तरतरीचं. पहिल्याने मात्र मी अजून अडखळतो. पाटावर मांडी घालून, सोवळ्यात, ताटाभोवती रांगोळी काढून, डावी बाजू-उजवी बाजू सांभाळून जेवणाऱ्यांचं नाव काटेचमच्यांच्या टेबलांना, आणि त्याच गाडीत बार. शनिवारवाड्यातल्या कुण्या उपाध्यायाला हे कळलं असतं, तर प्रायश्चित्त कुणी कुणाला द्यायचं यावरच महिना गेला असता.

चेष्टा पुरे. आता अडचण बघू, कारण सजावट करणाऱ्यांची अडचण खरी आहे. आपल्या डब्याची रुंदी असते जेमतेम सव्वातीन मीटर. त्यातून एका बाजूला जायला-यायला बोळ. उरलेल्या जागेत पलंग, कपाट, न्हाणीघर. वाड्यातली महिरप सुंदर दिसते ती तिच्यामागे खोल सावली असते म्हणून, इथे महिरपीमागे वीतभर अंतरावर शेजाऱ्याची भिंत. दुसरं म्हणजे आग. डब्यात वापरायची प्रत्येक वस्तू पेटायला किती वेळ लागतो, पेटल्यावर किती धूर सोडते, त्या धुरात विष किती, हे तपासून मगच ती आत जाते, आणि तसंच हवं. तिसरं म्हणजे धूळ, दमट हवा, उन्हाने तापणारं छप्पर आणि रोज फडक्याने पुसणारा हात. चौथं काकांचं, अहोरात्र हादरे.

या चार कसोट्यांना उतरणारी सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे लॅमिनेट. मग काय होतं? कुठलीही कला फोटो काढून लॅमिनेटवर छापता येते. पितळी पत्र्यासारखा दिसणारा कागद, सागवानासारखा दिसणारा कागद, वारलीसारखा दिसणारा कागद. वर चकाकी, खाली प्लाय. कला गाडीत येत नाही, कलेचा फोटो येतो.

वारलीचं मला जास्त लागतं. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात सुवासिनी चौक लिहितात, शेणामातीने सारवलेल्या, गेरूने लालसर झालेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. मध्ये पालघाट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. ते चित्र टिकावं अशी कुणाची अपेक्षाच नसते, लग्न लागलं की त्याचं काम संपतं. पुढे जिव्या सोमा मशे यांनी हीच रेघ कागदावर आणली आणि तिला आपली अशी प्रतिभा दिली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. कागदावर आलेली वारली ही खरी कला आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण आज कुठलीही सपाट जागा मोकळी दिसली, मग ती स्थानकाची भिंत असो, हॉटेलातला जिना असो वा डब्याची बाजू, की तारपा नाचाचा फेर चिकटवून 'महाराष्ट्र झाला' म्हणायची जी खोड लागली आहे, तिच्यात मशेही नाहीत आणि धवलेरीही नाही. रेघ सरळ आणि एकरंगी असल्यामुळे छापायला स्वस्त पडते, हे यामागचं खरं कारण असावं असा माझा संशय आहे.

उलट उदाहरण साध्या गाडीने दिलं. २०१८ मध्ये बिहार संपर्क क्रांती एक्स्प्रेसच्या डब्यांवर बाहेरून मधुबनी चित्रं काढली गेली, आणि ती हातांनी, तिथल्याच चित्रकर्त्यांनी, ज्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. फोटो बघितले तर मासे, पोपट, डोल्या डब्याच्या खिडक्यांना वळसा घालून जातात. चित्राने डब्याचा आकार मान्य केलेला दिसतो. लाखो रुपयांचं तिकीट नसलेल्या गाडीला हे जमलं.

आणि आलिशान गाडीला जमू शकतं, हे बघायचं तर जपानला जावं लागतं. क्यूशू बेटावर १५ ऑक्टोबर २०१३ रोजी 'सेव्हन स्टार्स' नावाची गाडी सुरू झाली. रचनाकार एइजी मितोओका. सात डबे, बेटावरचे सात प्रांत. आरंभी सगळ्या गाडीत मिळून खोल्या फक्त चौदा आणि प्रवासी तीस. तिकिटासाठी सोडत काढावी लागे. पहिल्यांदा तिचे फोटो बघताना मी नेहमीच्या सवयीने भिंती बघितल्या आणि काहीच सापडलं नाही. नुसतं लाकूड. मग खोल्यांतली वॉशबेसिनं बघितली.

ती अरिताच्या चिनी मातीची आहेत. अरिता हे सागा प्रांतातलं गाव, सतराव्या शतकापासून जपानी पोर्सेलीनचं माहेर. तिथल्या काकिएमोन घराण्याचे चौदावे वारसदार, जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलेले कुंभार, यांनी या गाडीसाठी बेसिनं घडवली. दुधासारखी पांढरी माती, कडेने लाल-निळी फुलं. २०१३ च्या जूनमध्ये ते वारले. गाडी त्यानंतर चार महिन्यांनी निघाली. म्हणजे घराण्याच्या चौदा पिढ्यांचं संचित काचेच्या कपाटात न जाता तोंड धुवायच्या जागी गेलं, जिथे माणूस सकाळी डोळे चोळत ओंजळ भरतो आणि गाडीच्या हेलकाव्याबरोबर पाणी त्या फुलांवर हिंदकळतं.

त्याच गाडीत लाकडी जाळ्या आहेत, ओकावा गावच्या. पातळ पट्ट्या खिळा न मारता एकमेकींत अडकवून केलेली नक्षी, तिला तिकडे कुमिको म्हणतात. ओकावाचं सुतारकाम मुळात जहाजं बांधणाऱ्यांच्या हातातून आलेलं आहे. म्हणजे हलणाऱ्या वस्तूचं लाकूड कसं जोडायचं, हे त्या गावाला शतकांपासून ठाऊक. मी हे काकांना सांगितलं, फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, जाळी बराच वेळ न्याहाळली. "खिळाच नाही, मग वाजणार काय?" एवढंच म्हणाले. माझ्या मते ती त्या गाडीला मिळालेली सर्वोच्च दाद.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. अरिताची कला 'क्यूशूची' म्हणायची, पण ती सुरू केली कोरियातून आणलेल्या कुंभारांनी. आपल्या औरंगाबादची हिमरू ही विणकला दौलताबादला राजधानी हलवणाऱ्या तुघलकाच्या मागोमाग आली असं सांगतात. पुण्याचे तांबट कोकणातून पेशवाईत वर आले. ज्याला आपण मातीतली कला म्हणतो, तीही कधी तरी बोचकं बांधून प्रवासाला निघालेली असते. तेव्हा गाडीत ती परकी ठरायचं काहीच कारण नाही. तिला काम मात्र द्यायला हवं.

ओरिएंट एक्स्प्रेसच्या डब्यांतल्या रने लालिक या फ्रेंच काचकलाकाराच्या काचा प्रसिद्ध आहेत, त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला त्याहून इंग्लंडच्या पुलमन नावाच्या आलिशान डब्यांची कथा जवळची वाटते. त्या डब्यांतलं लाकडात लाकूड बसवून केलेलं चित्रकाम ज्या डन कुटुंबाच्या कारखान्याने केलं, त्याच कुटुंबाच्या कारखान्याने पुढे कित्येक दशकांनी ते दुरुस्तही केलं. डब्याबरोबर कारागीरही जपला गेला. आपल्याकडे १८८६ चा डबा दिल्लीत जपला आहे. परळला तो बांधणाऱ्यांचं ज्ञान मात्र प्रत्येक निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं जातं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर आपली पहिली आलिशान गाडी डेक्कन ओडिसी नव्हेच. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन ती. सात-सात डब्यांचे दोन रेक. एक रुपेरी, त्यावर लाल कड, आणि दुसरा शाही निळा, त्यावर सोनेरी रेघा. अंडरफ्रेम इंग्लंडहून आल्या, वरचे डबे माटुंग्याच्या वर्कशॉपात बांधले. तिच्या भिंतीवर कुणी वारसा टांगला नव्हता. पण तिची डायनिंग कार, तिथलं चीज टोस्ट आणि बटाटावडा, खंडाळ्याच्या बोगद्यांत अचानक होणारा अंधार, पासधारकांचे ठरलेले कोपरे, आणि दर १ जूनला पुणे स्थानकावर कापला जाणारा केक. यातलं काहीच कुठल्या सजावटकाराने ठरवलं नाही, आणि याहून पुणेरी-मुंबईकर मला काही सुचत नाही.

तरी डेक्कन ओडिसीसारखी गाडी असावी, आणि तिच्यात महाराष्ट्र असावा, असं मला मनापासून वाटतं. कुणी विचारलेलं नाही, पण माझ्याकडे दोन सूचना तयार आहेत.

एक म्हणजे चित्रकथी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी पिढ्यानपिढ्या रामायण-महाभारतातली आख्यानं चित्रांतून सांगत आली. एका आख्यानाची एक पोथी, सुट्या पानांची. एक पान वर धरायचं, गायचं, मग ते खाली आणि पुढचं वर. सावंतवाडीच्या संस्थानाचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर शहरातल्या लोकांना पिंगुळी हे नाव कळलं. आता विचार करा. ही कला मुळात फिरस्त्यांची. तिची पानं एकामागून एक दिसायची असतात, आणि सबंध भिंत तिला कधी लागतच नाही. डब्यातला तो अरुंद बोळ, ज्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही, तो तिच्यासाठीच बांधल्यासारखा आहे. दोन दारांच्या मधल्या प्रत्येक पट्टीवर एक पान. प्रवासी आपल्या खोलीतून जेवायला निघाला, की पावलागणिक आख्यान पुढे सरकेल. परतताना उलटं. काचेआड बसवलं तर आगीच्या कसोटीचंही बघता येईल. आणि गाडी कुडाळवरून जाते तेव्हा तिथल्याच कुणी तरी डब्यात चढून ती पानं गाऊन दाखवावीत, हुडूक आणि टाळासकट. छापील फलकावर चार ओळींची माहिती लावण्यापेक्षा ते बरं.

दुसरी सूचना अर्थातच अरितावरून सुचलेली. पुण्याच्या कसब्यात तांबट आळी आहे. आत शिरायच्या आधीच ठोके ऐकू येतात. बंब, हंडे, घंगाळी करणारे हे हात. तांब्याच्या पत्र्यावर ओळीने हातोडी मारत जातात, त्याला मठारणं म्हणतात. त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, आणि शेकडो छोट्या पैलूंवर उजेड फुटतो. पुन्हा तेच, स्क्रूच्या खाचेसारखं, शोभा आणि ताकद एकाच ठोक्यात. वर बारीकसारीक ओरखडे मठारकामात लपून जातात, जे रोज वापरायच्या वस्तूला हवंच. घंगाळाचा आकार तर आयता आहे. तर प्रत्येक खोलीत मठारलेल्या तांब्याचं बेसिन. भिंती साध्या ठेवा, हवं तर लॅमिनेटच्या, पण कसलीही नक्कल न करणाऱ्या.

हे मी मोठ्या उत्साहाने काकांपुढे मांडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तांबं हिरवं पडेल. रोज चिंच लावून कोण घासणार?"

मी म्हटलं, आतून कल्हई करू.

"कल्हई किती दिवस पुरते? आणि गरम पाणी, साबण." मग थोडं थांबून, "पीओएचला डबा आला की काढून पुन्हा कल्हई करायची. ते जमेल. बेसिन उचलून बाहेर येईल असं बसव. आणि खाली रबर घाल लेका, नाहीतर कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत भजनी मंडळ."

त्यांनी पेपराच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने छेद काढला. घंगाळाचा काठ बाहेर वळलेला असतो, तो त्यांनी आत वळवला, वळणावर पाणी बाहेर उडू नये म्हणून. मला तो आत वळलेला काठ पटत नाही, घंगाळाची सगळी ऐट त्या बाहेरच्या काठात आहे. ते म्हणतात ऐट प्लॅटफॉर्मवर, घाटात पाणी. दर रविवारी यावर आमचं भांडण होतं आणि काठ अर्ध्या अर्ध्या इंचाने आतबाहेर सरकतो.